हातमोजा ऊब देत नाही, राखतो

जानेवारीतल्या एका सोमवारी ओपीडीच्या रांगेत चोविशीचा एक मुलगा आईबरोबर आला होता. उजव्या हाताची तीन बोटं टोकाशी सुजलेली आणि त्यांवर पाण्याने भरलेले फोड. आमच्या पनवेलमध्ये असे फोड दिसले की पहिला प्रश्न "कुठे भाजलं?" हाच असतो. केसपेपरवरही कुणीतरी तसंच लिहून दिलं होतं. मुलगा म्हणाला, "भाजलं नाही सर, गोठलं." चार दिवसांपूर्वी तो उत्तराखंडात केदारकंठ्याच्या माथ्यावर उभा होता.

आईने पिशवीतून हातमोजे काढून टेबलावर ठेवले. अंगठ्याला वेगळं घर आणि बाकीच्या चार बोटांना मिळून एकच; पिसं भरलेले, उशीसारखे फुगीर. दुकानात यांना 'डाऊन मिटन' म्हणतात. "डॉक्टर, अर्ध्या पगाराचे आहेत हे. एवढे महागाचे घेऊनही असं कसं झालं?" असं त्या माऊलीने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मी तिला पाच मिनिटांत दिलं, पण ते तिच्यापुरतं ठेवण्यासारखं नाही. डिसेंबर उजाडला की पनवेल स्टेशनवर उत्तरेकडच्या गाड्यांना पाठीवर मोठ्या सॅक घेतलेली मुलं-मुली दिसतात. प्रबळगड, कलावंतीण, माणिकगड झाले की पुढची ओढ बर्फाची असते. ती ओढ चांगलीच आहे. पण पारा पंधराच्या खाली गेला की स्वेटर शोधणारे आपण कोकणातले लोक. थंडीची खरेदी आपण सणाच्या कपड्यांसारखी करतो: महाग ते चांगलं, जाड ते गरम. माझं म्हणणं असं, की बर्फातला हातमोजा औषधासारखा निवडावा. कुणाला, कशासाठी, किती, आणि कुणाला नको, हे चारही प्रश्न विचारून.

आधी बोटांची बाजू समजून घेऊ. शरीरात उष्णता तयार होते ती मुख्यतः स्नायूंत आणि आतल्या अवयवांत. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच; बोटं हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या हातात असतात, बोटांपर्यंत येतात ते फक्त त्यांचे दोर. म्हणजे बोटाला स्वतःची चूल नाही. त्याची सगळी ऊब रक्तातून येते. त्यात बोट बारीक आणि लांब, त्यामुळे आकाराच्या मानाने त्याची कातडी फार, आणि तेवढी उष्णता निसटायला वाट मोठी. थंडी वाढली की शरीर हृदय, मेंदू, यकृत यांना आधी सांभाळतं. बोटांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त आत वळवलं जातं.

निसर्गाने यात एक सोयही ठेवली आहे. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये दाखवून दिलं, की बोट बर्फाच्या पाण्यात धरलं तर काही मिनिटांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या आपोआप उघडतात, बोट थोडं गरम होतं, पुन्हा त्या आवळतात, असं आळीपाळीने चालतं. जन्मभर थंड मुलखात राहणाऱ्यांत हा प्रतिसाद बरेचदा जोमदार असतो. आपल्यासारख्या घामट हवेत वाढलेल्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये. शिवाय अंग एकूणच गारठलेलं असेल, पोट रिकामं असेल, पाणी कमी प्यायलेलं असेल आणि उंचीवर प्राणवायू विरळ असेल, तर ही सोय मंदावते.

यातून पहिला धडा निघतो. हातमोजा काहीही गरम करत नाही. रक्ताने बोटापर्यंत आणलेली ऊब तो फक्त अडवून ठेवतो. ज्या बोटात रक्तच पोचत नाही, त्याला जगातला सर्वांत महाग मोजा घातला तरी आत राखायला काही नाही. म्हणून बोटं गार पडली की मोजा बदलण्याआधी पोटात काहीतरी टाकावं, कोमट पाणी प्यावं, छातीवर आणखी एक थर चढवावा, कान-डोकं झाकावं आणि उभं न राहता चालावं.

आता मोज्याची बाजू. ऊब अडवते ती मुळात स्थिर हवा. लोकर, कृत्रिम धागा किंवा पिसं ही फक्त त्या हवेला जागेवर धरून ठेवणारी जाळी. डाऊन म्हणजे बदक किंवा हंस यांच्या छाती-पोटावरच्या मोठ्या पिसांखालची मऊ लव. तिला मधली कडक दांडी नसते. तंतू सगळ्या दिशांना फुलतात आणि तोळाभर लव ओंजळभर हवा धरते. जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत अशा पिसांचा कोट घातला, तेव्हा बरोबरच्यांनी आधी त्याची टर उडवली होती. आज उंच शिखरांवर पिसांच्या पोशाखावाचून कुणी जात नाही. वजनाच्या मानाने कोरड्या डाऊनइतकी ऊब राखणारं दुसरं अस्तर मिळणं कठीण, हे मान्यच करायला हवं. (ही पिसं बहुतांशी मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांची असतात. ज्यांच्या घरात हे चालत नाही त्यांनी ते खरेदीआधीच ध्यानात घ्यावं. त्यांच्यासाठी चांगले पर्याय आहेत.)

बोटं सुटी ठेवणाऱ्या मोज्यापेक्षा मिटन उबदार का, हेही सोपं आहे. एकेका बोटाभोवती अस्तर जाड करत गेलं की बाहेरचा पृष्ठभागही वाढत जातो आणि फायदा घटत जातो. चार बोटं एका घरात ठेवली की ती एकमेकांची ऊब वाटून घेतात. थंडीच्या दिवसांत लहान भावंडं एका गोधडीत झोपतात, तसंच.

मग आमच्या रुग्णाचं बिनसलं कुठे? मी वरच्या ओळीत 'कोरड्या' हा शब्द वापरला, तिथेच. पहाटे तीनला ते चढायला लागले. बुटांना लावलेले बर्फाचे काटे सैल झाले म्हणून त्याने दोन्ही मिटन काढून बर्फावर ठेवले आणि उघड्या हातांनी पट्टे आवळले. मग सूर्योदय झाला, फोटो झाले, व्हिडिओ झाला. मोज्यांच्या तोंडातून भुरभुरा बर्फ आत गेला होता. हात घातल्यावर तो वितळला आणि पिसं भिजली. भिजलेली लव फुलत नाही, गोळा होऊन बसते. हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता पळवतं. त्याच्या हातात अर्ध्या पगाराचा मोजा नव्हता, ओला बोळा होता. आषाढात कर्नाळ्याच्या पायवाटेवर भिजलेले सुती मोजे ज्यांनी पायात घातलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, "आधी खूप दुखत होतं सर, पण नंतर थांबलं. मला वाटलं, हात सरावले." हाच धोका आहे. बोट थंड होत गेलं की आधी दुखतं, मग त्याचं भान जातं. दुखणं थांबतं ते बरं झाल्यामुळे नव्हे, तर संवेदना वाहून नेणाऱ्या नसाच गारठल्यामुळे. कातडीचं तापमान शून्याच्या किंचित खाली गेलं की पेशींभोवतीचं पाणी गोठू लागतं. यालाच हिमदंश म्हणतात. बर्फात दुखणारं बोट जिवंत आहे. दुखायचं थांबलेलं, पांढरं किंवा मेणासारखं दिसणारं बोट संकटात आहे. हे एवढं वाक्य पाठ झालं तरी या लेखाचं काम झालं.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिल्या-दुसऱ्या हिवाळी ट्रेकला निघालेल्या बहुतेक पनवेलकरांनी डाऊन मिटन विकत घेऊ नयेत. उत्तराखंड, हिमाचलमधल्या लोकप्रिय वाटांवर दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो. हात सतत ओल्या बर्फाला लागतात. चढताना आतून घामही येतो. तिथे पाणी न शिरणारं बाहेरचं कवच आणि आत कृत्रिम अस्तर किंवा लोकर असलेला मिटन अधिक भरवशाचा. तो थोडा जड असेल, पण भिजल्यावरही बरीच ऊब धरतो आणि लवकर वाळतो. डाऊनची खरी जागा कोरड्या, कडक थंडीत आहे. लडाखमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या झांस्करवरून चालताना रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो, किंवा फार उंचावरच्या मोहिमा असतात, तिथे. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्टची आणि २०१९ मध्ये कांचनजंगाची मोहीम यशस्वी केली. अशा मोहिमांना जाणाऱ्यांच्या मागे वर्षानुवर्षांची तयारी असते. त्यांच्या फोटोतला मोजा बघून चार दिवसांच्या सहलीची खरेदी करू नये.

दुसरंही एक घरगुती कारण आहे. आपल्याकडचे पावसाचे चार महिने. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते त्या हवेत दाबून ठेवलेली पिसं काय अवस्थेत राहतील? वर्षातून एकदा लागणारी वस्तू असेल तर भाड्याने घेणं शहाणपणाचं. मात्र भाड्याची जोडी हातात घेऊन आत बोटं फिरवा. ओल, गाठी किंवा कुबट वास असेल तर परत करा.

ज्यांना खरोखरच डाऊन घ्यायचे आहेत त्यांनी चार गोष्टी बघाव्यात. लेबलवरचा 'फिल पॉवर'चा आकडा म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा व्यापतात ते माप. ६०० पेक्षा ८०० ची लव अधिक फुलते, पण मोज्यात ती एकूण किती भरली आहे हे तो आकडा सांगत नाही. त्यामुळे निव्वळ आकड्यावर जाऊ नका. मूठभर दाबून सोडा. चटकन फुगून वर आला पाहिजे. तळव्याची बाजू बघा: काठी धरली की तिथली पिसं चेपतात आणि चेपलेल्या पिसांत हवा नसते, म्हणून तळव्याला कृत्रिम अस्तर असलेला मोजा बरा. मनगटपट्टी लांब आणि आवळता येणारी हवी, जॅकेटच्या बाहीवर नीट बसणारी. आणि माप सैल हवं. बोटांची टोकं अस्तराला टेकत असतील किंवा आत बोटं मोकळी हलत नसतील, तर मोजा रक्तच अडवेल. दुकानातल्या एसीत हात गरम वाटला याला काही अर्थ नाही. तिथे तो वाटणारच.

डाऊन असो वा कृत्रिम, पद्धत तीच. आत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा पाच बोटांचा मोजा, वर मिटन. चढताना घाम येत असेल तर नुसता आतला; थांबलं की लगेच वरचा. बूट बांधायचे, फोटो काढायचा, तर फक्त मिटन उतरवायचा, आतला नाही. मिटनला दोरी लावून ती मनगटात अडकवायची. शाळकरी पोराच्या गळ्यातल्या पाण्याच्या बाटलीसारखं दिसलं तरी चालेल. निघण्यापूर्वी घरी डोळे मिटून सराव करा: मोजे घालून चेन लावणं, काठीचा पट्टा आवळणं, बाटली उघडणं. जे मोजा काढल्याशिवाय जमत नाही, ते वर उघड्या हाताने करावं लागणार आहे. आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली एक कोरडी जोडी. एका महागड्या जोडीपेक्षा दोन साध्या जोड्या मला केव्हाही अधिक पटतात.

याचा सर्वांत कडू दाखला ३ जून १९५० चा आहे. मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांनी त्या दिवशी अन्नपूर्णा सर केलं. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणसाचं ते पहिलं पाऊल. उतरताना हर्झॉगने सॅक उघडण्यासाठी हातमोजे काढून खाली ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते. ते हातात घालता आले असते. पण थकवा आणि विरळ हवेने सुन्न झालेल्या मेंदूला ते सुचलंच नाही. पुढे त्याच्या हाताची बोटं कापावी लागली. पायांचीही. म्हणून दोरी आणि जादा जोडी यांचा निर्णय घरी बसून, डोकं ताळ्यावर असताना घ्यायचा असतो.

आता 'कुणाला नको' हा प्रश्न. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणारे, म्हणजे रेनॉडचा त्रास असलेले. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेले. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणारे. आणि एकदा हिमदंश होऊन गेलेले, यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बर्फाचं बुकिंग करू नये. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सिगारेट, तंबाखू, मशेरी यांतलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. दारूने क्षणभर ऊब वाटते, कारण कातडीकडे रक्त धावतं. तीच ऊब मग अंगातून निघून जाते, आणि सावधपणाही. अंगठ्या, कडी घरी काढून ठेवा. बोट सुजलं की अंगठी फास होते. हातात धरायच्या गरम पुड्यांत लोखंडाची पूड असते आणि ती गंजताना ऊब देते, पावसाळ्यात आपल्या खिडकीच्या गजांना होतं तेच, फक्त वेगाने. गंजायला प्राणवायू लागतो, म्हणून उंचीवर आणि बंद मोज्यात ती मंदावते. बधिर बोटावर ती थेट ठेवली तर मात्र भाजतं आणि कळतही नाही.

इतकं करूनही बोट बधिर झालंच तर? वाऱ्यापासून आडोसा घ्या, ओलं काढा, हात स्वतःच्या किंवा सोबत्याच्या काखेत धरा. चोळू नका. बर्फाने चोळण्याचा सल्ला नेपोलियनच्या १८१२ च्या रशियातल्या माघारीनंतर त्याच्या सैन्याचे शल्यविशारद लॅरे यांच्यामुळे रूढ झाला आणि शंभराहून अधिक वर्षं टिकला. तो चुकीचा आहे. चोळल्याने गोठलेल्या पेशी फाटतात. शेकोटी आणि हीटरही नको. बोट खरोखर गोठलं असेल तर योग्य उपाय म्हणजे ३७ ते ३९ अंश सेल्सियसच्या पाण्यात, म्हणजे दुसऱ्याच्या कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात, साधारण अर्धा तास, रंग आणि मऊपणा परत येईपर्यंत बुडवणं. ते फार दुखतं. पण वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वितळवू नका. वितळून पुन्हा गोठलेलं बोट जास्त बिघडतं. फोड फोडू नका, आणि थेट रुग्णालय गाठा. पूर्वी शल्यचिकित्सक म्हणायचे, जानेवारीत गोठलं की जुलैत कापा. मेलेलं आणि जिवंत यांतली सीमा स्पष्ट व्हायला इतके महिने लागत. आता रक्तवाहिन्या उघडणारे उपचार आहेत. आयलोप्रॉस्ट या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तीव्र हिमदंशासाठी मान्यता दिली. पण अशा उपचारांचा उपयोग सुरुवातीच्या तासांत, फार तर पहिल्या दोन-तीन दिवसांत. आमच्या रुग्णाने चार दिवस गाडीत आणि "उद्या बघू" म्हणण्यात घालवले होते.

ट्रेक नेणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या सामानाच्या यादीत 'हातमोजे, १ जोडी' एवढीच ओळ असते. तिथे 'आतले, बाहेरचे, आणि जादा कोरडी जोडी' असं लिहा. आरोग्याच्या फॉर्मात दमा आणि रक्तदाबाबरोबर "थंडीत बोटं पांढरी पडतात का?" हा एक प्रश्न घाला. माथ्यावर फोटोसाठी थांबता, तेव्हा एकमेकांची बोटं बघायला एक मिनिट ठेवा.

आणि थंडी काही हिमालयातच नसते. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवण्याचं काम चालतं. गोठवलेला माल उणे अठरा अंशांवर ठेवतात. तिथे काम करणारी माणसं बधिर, दुखऱ्या बोटांची तक्रार घेऊन अधूनमधून आमच्याकडे येतात, बहुतेक वेळा भिजलेल्या साध्या मोज्यांची गोष्ट सांगत. त्यांनी ती थंडी हौसेने निवडलेली नाही. कोरडी जादा जोडी आणि मध्ये हात गरम करायला सुट्टी, हा नियम त्यांना ट्रेकरपेक्षा आधी लागू व्हायला हवा.

तो मुलगा नशीबवान निघाला. फोडांतलं पाणी स्वच्छ होतं, रक्ताळलेलं नव्हतं. म्हणजे इजा वरवरची. कातडी काळी पडून निघाली, खालून नवी आली. बोट वाचलं, पण टोकं आता फ्रीजमधली बाटली धरतानाही झोंबतात, आणि हे बरेच दिवस राहील. शेवटच्या भेटीत त्याने आईसमोरच विचारलं, "सर, पुढच्या वर्षी जाऊ का?" आई माझ्याकडे बघत होती. मी त्याला एक वर्ष बर्फापासून लांब राहायला सांगितलं आणि केसपेपरच्या मागे लिहून दिलं: आतला मोजा, बाहेरचा मिटन, मनगटाला दोरी, पिशवीत कोरडी जोडी. खाली एक ओळ आणखी: दुखायचं थांबलं की परत फिरायचं.